तोच हा ठोका?

भारतीय दर्शनांतल्या मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. ‘ग’ पुन्हा ऐकला की ‘तोच हा गकार’ असं आपण ओळखतो, हा त्यांचा पुरावा. त्यांचे विरोधक नैयायिक म्हणत, शब्द उपजतो आणि विरतो. दुसरा ‘ग’ पहिल्याच्या जातीचा, तोच नव्हे. वाद वर्णांचा होता, वाद्यांचा नव्हे, हे कबूल. पण १९७९ मध्ये सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे नमुने साठवून कळ दाबताच वाजवणारं यंत्र, आणला आणि जुन्या प्रश्नाला नवं उदाहरण मिळालं. त्याच्या ध्वनिसंग्रहात स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधला वाद्यवृंदाचा एकच ठोका होता. तो १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये वाजला आणि मग पॉपमध्ये जिथेतिथे. श्रोता म्हणतो, तोच हा ठोका. मग मीमांसक जिंकले?

मला तसं वाटत नाही. यंत्रात ठोका नसतोच, आकडे असतात. कळ दाबली की दर वेळी नवा आवाज घडतो. यावर मीमांसक म्हणेल, फरक पडला तर तो प्रकट करणाऱ्या यंत्रात, मूळ ठोक्यात नाही. आरसा मळका म्हणून चेहरा मळत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण पॉपवाल्यांना तो मळच हवा होता! फेअरलाइट ८ बिटांचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराला पायऱ्या फक्त २५६. त्यातून येणारा खरखरीतपणा हीच त्या ठोक्याची ओळख झाली. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळा मिळून दहाच सेकंदांचा आवाज मावे. म्हणून हिप-हॉपवाले ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून नमुना घेत आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा खाली उतरवत. ढोल जड आणि किरकिरा होऊन बाहेर पडे. हा आवाज मूळ तबकडीवर कुठेच नव्हता; मग तो ‘प्रकट’ झाला असं कसं म्हणायचं?

मात्र आवाज उपजतो असं म्हटलं की तो कुणी उपजवला, हेही विचारावं लागतं, आणि इथे यंत्र हे एकमेव कारण ठरत नाही. गायक जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांचा ताल असंख्य गाण्यांत कापून वापरला गेला. विनापरवाना सॅम्पलिंगवर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिलेला निकाल बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने सुरू होतो. पण तिथे चोरी मोजली गेली ती गाण्याच्या मालकीची. स्टबलफील्ड २०१७ मध्ये वारले. ‘फंकी ड्रमर’चे रचनाकार म्हणून त्यांचं नाव कधीच लागलं नव्हतं, त्यामुळे रॉयल्टीवर हक्कही नव्हता.