ओले इंधन आणि चरबीचा आकडा

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ताडपत्री उघडेपर्यंत ट्रकात काय आहे, हे कागदावरून केलेले अनुमानच असते. चरबी सांगणारा वजनकाटा तर ताडपत्री कधीच उघडत नाही. तळपायांतून सौम्य वीज सोडून तो रोध मोजतो. चरबीविरहित देहात सुमारे ७३ टक्के पाणी असणार, हे त्याने गृहीतच धरलेले. निर्जला एकादशीच्या दुसऱ्या सकाळी पाणी घटते, रोध वाढतो आणि उपास केलेल्याची चरबी चक्क वाढलेली दिसते! अनुमानामागच्या अशा लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, उपाधी म्हणतात: अग्नीवरून धुराचे अनुमान इंधन ओले असेल तरच टिकते. रोज एकाच वेळी मोजले तर? चढउतार कळेल, हे मान्य. आकड्याखालचे गृहीतक मात्र तेच राहते. तेव्हा उपास सोडा, पाणी प्या आणि दोन दिवसांनी काट्यावर चढा.