रंगाचा डबा खाली ठेव

अरे, बुटांचं पॉलिश? गाडीच्या सीटला बुटांचं पॉलिश लावलंस? आणि वर मलाच सांगतोस, ‘सर, पहिले दोन दिवस एकदम नव्यासारखी दिसत होती.’ दिसणारच. ओल आलेल्या भिंतीला चुना फासला तरी दोन दिवस ती पांढरीच दिसते. तिसऱ्या दिवशी तुझ्या मावशी त्या सीटवर बसून लग्नाला गेल्या. पांढऱ्या साडीवर पाठभर तपकिरी पट्टा घेऊन लग्नघरात वावरल्या. त्यांना तू काय सांगितलंस? चामडंच हलकं निघालं! चामड्याच्या माथी खापर फोडताना जीभ कशी अडखळली नाही तुझी?

सीट आधी बघायची, हे वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. खालची कड उलटून बघितलीस? आतून मऊ, केसाळ तंतू दिसले तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. पुष्कळ गाड्यांत बसायच्या भागाला चामडं आणि बाजूंना, मागे रेक्झिन असतं. एकच डबा दोन्हीकडे फासून कसं चालेल? मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवायचा. तो तसाच उभा राहिला तर लेप शाबूत आहे. मुरून डाग काळपट झाला तर तिथलं चामडं उघडं आहे. मिनिटभराचं काम, पण तेवढाही धीर तुला नव्हता.

गाडीतलं चामडं बहुतेक लेप दिलेलंच असतं. चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर. ड्रायव्हर उतरताना ज्या उंचवट्यावर घासून उतरतो, तिथे हाच लेप आधी जातो. खालचं चामडं बऱ्याचदा धडधाकट असतं. पॉलिशच्या आधी खोबरेल तेलही चोळलं होतंस, हे मी खोदून विचारल्यावर कबूल केलंस. लेपावरून तेल आत जाणार कुठून? ते वरच बसतं, धूळ धरतं आणि पुढचा रंग चिकटू देत नाही. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनचंही तेच. आता तुझं काम दुप्पट झालं आहे, आणि ते तुलाच करायचं आहे.

चामड्याचा क्लीनर घे. कपड्याचा साबण नाही. साबण अल्कधर्मी, चामडं आम्लधर्मी. मऊ ब्रशने फेस काढ, पांढऱ्या फडक्याने टीप. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं फडकं फिरव. फडक्यावर पॉलिशऐवजी सीटचा स्वतःचा रंग यायला लागला की तिथेच थांब. थिनरला हात लावशील तर उरलासुरला लेपही जाईल. एवढं केल्यावर सीट पुन्हा नीट बघ. डोकं टेकतो तिथलं केसांचं तेल, घाम, जीन्सची निळाई निघाल्यावर कदाचित अर्ध्या सीटला रंगाची गरजच उरणार नाही.

जिथे लेप खरंच गेला आहे, तिथेच पुढचं काम. ८०० ते १००० नंबरचा पेपर हलक्या हाताने, खरबरीतपणा जाईपर्यंत. भेगांत लवचीक फिलर, पातळ थरात, प्रत्येक थर वाळू देऊन. रंग जुळवायचा तो उन्हाने विटलेल्या भागाशी नव्हे आणि कंपनीच्या नव्या नमुन्याशीही नव्हे. उरलेल्या स्वच्छ सीटशी. चामड्यासाठीचाच पाण्यातला रंग स्पंजने टिपत लाव. पहिला हात डागाळलेला, केविलवाणा दिसेल. दिसू दे. तिथे घाबरून तू जाड हात मारतोस, मग माणूस बसला की रंग तडकतो. पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. शेवटी मॅट टॉपकोट, आणि डब्यावर लिहिलेली मुदत पुरी होईपर्यंत गाडीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची नाही.

हे सगळं भरून निघेल. पण पाठीच्या बाहेरच्या कडेची उसवलेली शिवण तू जाड नायलॉनच्या दोऱ्याने आवळलीस, ते मला सहन होत नाही. त्याच कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली पट्टी आहे ना? मग वाचली का नाहीस? बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून बाहेर येते. तिथला दोरा ठरावीक जोराला तुटावा म्हणूनच निवडलेला असतो. तू तिची वाट बांधून टाकलीस. धडक बसल्यावर ती पिशवी वेळेवर उघडली नाही तर मार मावशींच्या बरगड्यांना बसेल. देखणेपणाच्या कामात माणसाच्या जिवाशी खेळ झाला, तर ती चूक कितीही सुबक टाक्यांनी झाकली जात नाही. तो दोरा उसवायचाही नाहीस तू. सीट खोलायची नाही, खालचे पिवळे कनेक्टर हलवायचे नाहीत. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवायची, तुझ्या खर्चाने.

आधी मावशींना फोन लाव. चामडं चांगलं होतं, चूक माझी, असं स्पष्ट सांग. शिवणीचंही सांग, आणि दुरुस्त होईपर्यंत त्या सीटवर कोणी बसायचं नाही हेही. मी इथेच उभा आहे. लाव फोन.