खाकी आणि दृष्टीचा प्रश्न

‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ (१९८४) या साहसपटातील काळ १९३५चा, स्थळ भारत. अखेरीस खाकी वेशातील ब्रिटिश फौज धावून येते आणि प्रेक्षक त्या रंगालाच त्राता मानून मोकळा होतो. ‘खाक’ म्हणजे धूळ. खाकीचे नाव त्यावरून पडले. शहापूर-मुरबाडच्या ठाकर-कातकऱ्यांचा या रंगाशी परिचय वेगळा आहे. राबासाठी टहाळ तोडण्यावर वसाहतकाळात निर्बंध आले. ठाणे-कुलाब्यातील गाऱ्हाण्यांसाठी १८८५ साली आयोग नेमावा लागला. वनरक्षकाच्या अंगावर आजही खाकीच आहे. तेव्हा वेशभूषा काळाशी इमान राखते एवढ्याने तिचे नैतिक दायित्व संपते काय? तो वेश ज्यांनी समोरून पाहिला, त्यांची दृष्टी पटकथेत नसेल, तर अचूकपणाही पक्षपातीच ठरतो.