शनिवार-रविवारी कोण होतं?

मोबाईल आत ठेवा आणि सगळे पुढे या. मागे भिंतीला टेकून मजा बघण्याइतकं आज इथे कुणीच निर्दोष नाही.

शनिवारी दुपारपासून आज सकाळपर्यंत ॲनिमल हाऊसमध्ये कोण फिरकलं? मीच सांगते, कुणी नाही. पाच नंबरच्या पिंजऱ्यातली बाटली कोरडी ठणठणीत आणि खालचा भुसा मात्र पिळून काढावा इतका ओला. चारही रॅट एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेले, अंगावरचे केस उभे. वर तुमचं उत्तर काय, तर "मॅडम, बाटली भरून गेलो होतो." अरे, स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांना मधुमेही कुणी केलं? तुम्हीच ना? मधुमेहात तहान वाढते, लघवी वाढते हे परीक्षेत लिहून मार्क मिळवायचे आणि पिंजऱ्याला मात्र धडधाकट रॅटच्या हिशेबाने एकच बाटली लावायची! या जनावरांना जास्तीचं पाणी लागतं, भुसा रोज बदलावा लागतो. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी साखर एकदम खाली जाऊन ती मरू शकतात, म्हणून तेव्हा ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं. यातलं एकही तुम्हाला नवीन नाही.

आता ही वही. एका रॅटच्या डोळ्याभोवती लालसर खपली दिसली, तर तुम्ही लिहिलंय "रक्त, मार लागला असावा." ते रक्त नव्हे, पॉर्फिरिन आहे. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं. ताण वाढला की जास्त येतं, आणि एरवी रॅट स्वतःच पंजाने पुसून साफ करतो. साफ करायचं सोडलंय म्हणजे जनावर बरं नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. पण त्याहून गंमत पुढे आहे. रविवारच्या रकान्यात "प्रकृती नॉर्मल". रविवारी कुठून पाहिलीत प्रकृती? घरून? बाटली विसरणं हा हलगर्जीपणा झाला. हा रकाना भरणं ही लबाडी आहे, आणि तिला मी वेगळं नाव देणार नाही.

तोंडी परीक्षेत प्राणिप्रयोगांची तत्त्वं विचारली की रसेल आणि बर्च, 1959, रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट, असं रामरक्षेसारखं घडाघडा म्हणता. मग मला सांगा, प्रत्येक गटात सहाच रॅट का? "सिनियरच्या थिसिसमध्ये सहा होते." हा तुमचा रिडक्शन! गणित करून आकडा काढायचा असतो. जास्त घेतले तर जीव फुकट गेले, कमी घेतले तर निष्कर्षच निघत नाही, म्हणजे सगळेच फुकट गेले. जो अर्क तुम्ही या रॅटना देताय, तो आधी परीक्षानळीत एन्झाइमवर तपासता आला असता. त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. तपासलात? नाही.

आणि शेजारच्या खोलीतली मंडळी हसू नका. तुमचे उंदीर मी पाहिलेत, पिंजरा उघडला की भिंतीला चिकटतात. शेपटीला धरून लटकवता ना त्यांना? लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवून दिलंय की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाजवळ स्वतःहून येतात आणि शेपटीने उचललेले भेदरतात. नळी म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा, तोही मीच आणून द्यायचा का? दया राहू द्या क्षणभर बाजूला. भेदरलेल्या जनावराची साखर चढते, आणि या खोलीतले निम्मे लोक साखरच मोजतायत. मग तुमच्या औषधाचा गुण कुठला आणि तुमच्या हाताचा दोष कुठला, हे परीक्षकाला कसं सांगणार?

मंजुरीचं पत्र दाखवू नका मला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 17वं कलम प्रयोगाच्या आधी आणि नंतरही जनावराची नीट देखभाल करायला सांगतं. सुट्टीच्या दिवसाचा अपवाद त्यात नाही. पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या मामांनी मुलीच्या लग्नाची रजा आठवडाभर आधी सांगून घेतली होती, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही.

पशुवैद्यांना मी फोन केलाय, ते येईपर्यंत त्या चौघांजवळ दोघांनी थांबा. वहीत खाडाखोड करायची नाही. खोट्या नोंदीवर एक रेघ मारा, शेजारी खरं काय ते लिहा, तारीख घाला, सही करा. या पिंजऱ्याचे आकडे धरायचे की नाही ते नैतिकता समिती ठरवेल. तोवर सुई कुणी हातात घ्यायची नाही. दिवाळीच्या सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता उद्या दहाच्या आत माझ्या टेबलावर हवा, नाव आणि फोन नंबरसकट. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही नाव हवं, आणि ते मामांचं नको.