न सांगितलेला दोष



आपल्या विदर्भात एचएमटी हे नाव घड्याळाला आहे तसे तांदळालाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढविलेल्या बारीक धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले, इतका त्या घड्याळाचा लौकिक होता. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे ही घड्याळे तयार होऊ लागली. जनता, पायलट, कोहिनूर ही नावे आजही घरातील वडीलधाऱ्यांना पाठ आहेत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला आणि जे चावीचे घड्याळ कपाटाच्या कोपऱ्यात पडून होते, त्याला अचानक गिऱ्हाईक आले. आखाती देशांत राबून परतलेल्यांनी आणलेली राडो आणि ओमेगा यांचेही तसेच झाले. आज मोमिनपुरा असो की सीताबर्डी, जुन्या घड्याळांच्या खरेदी-विक्रीत पडलेले आपले अनेक तरुण तुम्हांला ठाऊक असतील.

लाखाचे घड्याळ मनगटावर बांधावे की नाही, हा उधळपट्टीचा आणि दिखाव्याचा प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचा आहे. परंतु तो आज नको. आज मला सौद्याविषयी बोलायचे आहे. अशाच एका तरुणाने जुम्याच्या नमाजनंतर विचारले, “मौलाना, मी खोटे कधीच बोलत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही. यात गुनाह आहे का?”

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर हवे.

आधी या धंद्याची रीत समजून घेऊ. जुन्या घड्याळाची डायल काळवंडते, अक्षरे पुसट होतात. ती खरवडून पुन्हा रंगविली जाते, तिच्यावर नवे नाव छापले जाते. एका घड्याळाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे असे जुळवून चौथे घड्याळ उभे राहते. मुंबईत अशी घड्याळे इतकी तयार झाली की जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे नाव कौतुकाने घेतले जात नाही. महागड्या घड्याळांत हाच प्रकार अधिक सफाईने होतो. केस इतकी घासून चकचकीत करतात की तिच्या मूळ कडा नाहीशा होतात. बाजारातले सुटे भाग आत बसतात, वॉरंटी कार्ड एका घड्याळाचे आणि घड्याळ भलतेच असते. घड्याळाचे वैशिष्ट्य असे की त्याचे सत्य झाकणाखाली असते. ते उघडण्याचे हत्यार विकणाऱ्याकडे असते, विकत घेणाऱ्याकडे नसते.

आता त्या तरुणाचे म्हणणे पाहा. तो बोलत नाही, हे खरे. परंतु त्याची डायल बोलते! नवी छापलेली डायल ‘मी मूळची आहे’ असे पाहणाऱ्याला सांगत असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात विक्रीपूर्वी उंटिणीचे किंवा शेळीचे दूध काही दिवस न काढता तिची कास तटतटलेली ठेवण्याची युक्ती चालत असे. विकणारा तोंडाने काहीच म्हणत नसे. कास पाहून गिऱ्हाईक स्वतःच फसत असे. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा हक्क दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. रंगविलेली डायल ही आपल्या काळातली तटतटलेली कास आहे. म्हणून ती न सांगता विकणे याला मौन म्हणताच येत नाही. ते वस्तूच्या तोंडून वदवलेले असत्य आहे.

खरा कठीण प्रश्न याच्या पुढचा आहे. समजा, डायल मूळचीच आहे. फक्त मशीन दिवसाला दहा मिनिटे मागे पडते, किंवा केसमध्ये एकदा पाणी गेले होते. विकणाऱ्याने काहीच सजविले नाही, फक्त तो गप्प राहिला. हा गुन्हा आहे काय?

आपल्या देशाचा कायदा येथे काय म्हणतो, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करते आणि केवळ मौनाला सामान्यतः कपट मानीत नाही. समजावण्यासाठी तेथे एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोड्यात दोष आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो लिलावात घोडा विकतो आणि काही बोलत नाही. हे कपट नव्हे. परंतु लगेच पुढचे उदाहरण येते. घेणारी ही त्या मालकाचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

हे वाचून ‘पाहा, मानवी कायदा किती तोकडा आणि शरियत किती थोर’ असे घाईने म्हणण्याचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही, कारण आपल्या फिक्हच्या न्यायालयीन बाजूनेही जवळपास येथेच थांबा घेतला आहे. ‘सर्व दोषांसह, जसे आहे तसे’ या अटीवर केलेली विक्री हनफी फिक्हमध्ये वैध आहे. घेणारा नंतर दोषाच्या कारणाने वस्तू परत करू शकत नाही. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हवर आधारलेली ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता सिद्ध झाली. तिच्यात वस्तूंच्या किमतीत विसाव्या भागाइतकी तफावत ‘गब्न-ए-फाहिश’, म्हणजे भारी नुकसान, मानली आहे. परंतु विकणाऱ्याने फसवणूक केली नसेल तर तेवढ्याने सौदा रद्द होत नाही. अपवाद कोणाचा? अनाथाच्या मालाचा. इंग्रजी कायद्याने मुलगी वगळली, मजल्लाने अनाथ वगळला. दोन्हीकडच्या न्यायाधीशांना एकच अडचण होती, ती म्हणजे मनातले ज्ञान पुराव्याने सिद्ध करता येत नाही. उघड्यावरच्या प्रत्येक सौद्यात ‘याला काय ठाऊक होते’ हे शोधत बसले तर बाजार चालणार नाही.

म्हणूनच आपल्या फकीहांनी ‘कजा’ आणि ‘दियानत’ असे दोन शब्द वापरले. कजा म्हणजे काजीसमोरचा निर्णय, दियानत म्हणजे बंदा आणि अल्लाह यांच्यातला हिशेब. कजामध्ये जो सुटला तो दियानतमध्येही सुटला असे नाही. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) एका धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विकणाऱ्याने सांगितले. तो खरेच बोलला, आणि ती ओल त्याने मुद्दाम केलेली नव्हती. तरीही प्रेषितांनी (स.) विचारले की लोकांना दिसावी म्हणून ती वर का ठेवली नाही, आणि फसविणारा आपल्यातला नाही असे बजावले. तो मनुष्य मौनच पाळत होता. इब्ने माजा यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार दोष असलेली वस्तू तो दोष न सांगता आपल्या भावाला विकणे मुसलमानाला वैध नाही. कायद्याने जे नाते फक्त मुलीला दिले ते दियानत प्रत्येक गिऱ्हाइकाला देते.

येथे कोणी म्हणेल की ‘भाऊ’ म्हणजे मुसलमान भाऊ. नागपुरात दुकान मांडून बसलेल्याने हा युक्तिवाद मनातही आणू नये. माप मारणाऱ्यांना इशारा देणाऱ्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये (८३:१-३) शब्द ‘लोक’ असा आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या कौमला लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका असे समजाविले (७:८५), तेथेही ‘लोक’च आहेत. दीक्षाभूमीच्या बाजूने आलेला गिऱ्हाईक आणि जामा मशिदीच्या बाजूने आलेला गिऱ्हाईक यांचा हक्क एकच.

लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका, या आज्ञेवर थोडे थांबू या. ‘सुरक्षित खरेदी’ म्हटले की आपण घेणाऱ्याचीच काळजी करतो. परंतु जुन्या घड्याळांत पुष्कळदा घेणाराच जाणकार असतो आणि विकणारे अजाण असतात. समजा, एक विधवा भगिनी मरहूम पतीचे ओमेगा घेऊन येते. तिला ते बंद पडलेले जुने घड्याळ वाटते, ती दोन हजार मागते. समोरच्याला ठाऊक आहे की ते पन्नास हजारांना जाईल. तो दोन हजार मोजतो, वर ‘देतो बाई, तुमच्याकडे पाहून’ असेही म्हणतो. त्याने काय लपविले? वस्तूचा दोष नव्हे, वस्तूचा गुण. आणि त्या घड्याळात मुलांचा वारसाहक्कही असू शकतो, म्हणजे मजल्लाचा तो अनाथ प्रत्यक्ष दुकानात उभा आहे.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) हाती बैअत करताना प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याचे वचन दिले होते. तबरानी यांनी नोंदविल्यानुसार त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला. घोडा पाहून जरीर (रजि.) मालकाला म्हणाले की तुमचा घोडा याहून मोलाचा आहे, आणि स्वतःच किंमत वाढवीत आठशेपर्यंत नेली. इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत. एक स्त्री रेशमी वस्त्र शंभरला विकायला आली असता त्यांनी ते पाचशेला घेतल्याची कथा त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. दोघेही खरेदीदार होते, हे ध्यानात घ्या.

“मग आम्ही पोट कसे भरावे? आमचे ज्ञान हेच तर आमचे भांडवल!” हा आक्षेप खोटा नाही. घड्याळ पारखायला वर्षे लागतात. दुरुस्तीला खर्च येतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा अडकून पडतो. या साऱ्याचा नफा हलाल आहे आणि तो थोडाच असावा असेही बंधन नाही. त्या भगिनीला सांगता येते की हे पन्नास हजारांना जाऊ शकते, दुरुस्तीला इतके लागतील, मला इतके राहायला हवेत, म्हणून मी तुम्हांला इतके देतो. ती होय म्हणेल किंवा दुसरीकडे जाईल. पहिला नफा कष्टाचा आहे. दोन हजारांत मिळालेला नफा तिच्या अज्ञानाचा आहे, आणि अज्ञान ही तिने विकायला आणलेली वस्तू नव्हती.

तिसरा माणूस म्हणजे घड्याळजी. गिऱ्हाईक भिंग लावलेल्या त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवून येते आणि दुकानदार त्याचा रोजचा मित्र असतो. इमाम गजाली (रह.) यांनी एहयाउल उलूममध्ये हजरत वासिला बिन अस्कअ (रजि.) यांचा प्रसंग दिला आहे. त्यांच्यासमोर एका मनुष्याने उंटीण विकली. घेणारा निघून गेल्यावर वासिला (रजि.) हाका मारीत त्याच्यामागे धावले आणि विचारले, मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? तो प्रवासासाठी म्हणाला, तेव्हा तिच्या पायाला छिद्र असल्याचे त्यांनी सांगितले. विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले आणि तो रागावला. मांसासाठी की प्रवासासाठी, हा प्रश्न घड्याळजीने शिकून घ्यावा असा आहे. शोभेसाठी पेटीत ठेवायचे असेल तर दहा मिनिटांची चूक फारशी मोठी नाही. नमाजच्या वेळा पाहायच्या असतील तर आहे. तसेच मुसलमान पुरुष गिऱ्हाइकाला केस भरीव सोन्याची आहे की नुसता मुलामा आहे, हे कळलेच पाहिजे. पुरुषाला सोने वर्ज्य असल्यामुळे तो त्याच्यासाठी केवळ किमतीचा प्रश्न नसतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ चे नोबेल त्यांना ज्या कामासाठी इतर दोघांसमवेत मिळाले, त्याची सुरुवात तेथे आहे. घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो प्रत्येक वस्तूला कमीच भाव देतो. मग चांगली वस्तू असलेला बाजारातून उठून जातो आणि खराब माल मागे उरतो. दोन्ही पक्ष खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत, लपविले तर बरकत पुसली जाते, असा आशय असलेली हकीम बिन हिजाम (रजि.) यांची हदीस ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

घेणाऱ्यांनीही भोळे राहू नये, भोळेपणा म्हणजे तवक्कुल नव्हे. झाकण आपल्यासमोर उघडायला लावा. घड्याळाचा क्रमांक कार्डाशी स्वतः ताडून पाहा. विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि पावती घ्या, कारण माल चोरीचा निघाला तर मूळ मालकाचा हक्क कायम राहतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे; जो रोखीचाच आग्रह धरतो त्याच्यापासून दूर राहा. मोबाइलवर चित्र पाहून घेतले असेल, तर हनफी फिक्हनुसार प्रत्यक्ष पाहिल्यावर परत करण्याचा ‘खियार-ए-रुयत’ तुम्हांला आहे. ‘खियार-ए-शर्त’ म्हणून तीन दिवसांची मुदत पावतीवर लिहून घेता येते. तेवढ्यात घड्याळ किती मागे पडते ते कळते. ‘फर्स्ट कॉपी’बद्दल फार लिहीत नाही. नक्कल आहे असे सांगून विकली तरी दुसऱ्याचे चिन्ह चोरलेलेच आहे, आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

राहिला प्रश्न न सांगता आधीच विकून झालेल्या घड्याळांचा. हा हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांच्या हक्कांचा विषय आहे. केवळ अस्तगफार पुटपुटून तो मिटत नाही. ज्यांचे क्रमांक मोबाइलमध्ये आहेत त्यांना फोन करावा. डायल नवी आहे, तुम्हांला ठेवायचे असेल तर इतके पैसे परत घ्या, नको असेल तर घड्याळ देऊन सगळे घ्या, असे सांगावे. ज्यांचा पत्ताच उरला नाही त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावे सदका करावी. आणि नंतर त्यांच्यापैकी कोणी दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि सदका मान्य नाही म्हणाला, तर त्याचे पैसे त्याला पुन्हा मोजून द्यावे लागतील.