भय : साक्षीदार कीं न्यायाधीश?

भयाविषयीं आपल्या समाजांत एक विलक्षण ढोंग रूढ आहे. डोकें दुखतें, गुडघा धरतो, पोटांत कळ येते, हें सांगावयास कोणासही संकोच वाटत नाहीं. परंतु 'मला भीति वाटते' हे तीन शब्द उच्चारण्यापेक्षां सुशिक्षित मनुष्य दहा खोटीं कारणें सांगेल. आम्हीही त्यांतलेच आहों, आणि म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय दिसावयास लहान आहे : लहान विमानांत बसण्याची भीति. परंतु तिच्या पाठोपाठ जो नीतीचा प्रश्न उभा राहतो, तो लहान नाहीं.

मोठ्या विमानांत आपण आकाशांत आहों याचा विसर पाडण्याची सर्व व्यवस्था असते. जेवण येतें, समोर चित्रपट चालतो, वैमानिकाचें तोंडही दिसत नाहीं. लहान विमानांत हें आवरण नसतें. एकोणीस उतारूंच्या ट्विन ऑटर विमानांत पुढच्या रांगेंतून वैमानिकाचे हात स्पष्ट दिसतात. इंजिनाची शक्ति कमीअधिक करण्याच्या दांड्या तेथें छताला असतात. तो हात वर करून त्या ओढूं लागला, कीं आपला जीव त्या मुठींत आहे हें डोळ्यांना दिसतें. त्यांतून विमान हलकें, म्हणून वाऱ्याचा प्रत्येक झोत त्याला अधिक हलवितो.

वास्तविक अनोळखी हातांत जीव सोंपविणें हा आपला नित्यक्रम आहे. घाटांतील एस. टी. चा चालक, शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारा डॉक्टर, आपल्या घराचा जिना बांधणारा गवंडी, यांच्या हातांत आपण रोज निश्चिंतपणें असतों. कारण तें परावलंबन झांकलेलें असतें, किंवा अंगवळणीं पडलेलें असतें. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटें आहेत. त्यांपैकीं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्यें १९६७ सालीं विमानाची नियमित फेरी सुरू झाली. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकांतील वेळ दोन मिनिटें, विमान आठ उतारूंचें. तेथील रहिवाशांना तें आपल्या एस. टी. सारखें वाटतें. तेव्हां भयाचें माप संकटावरून ठरतें, त्याहून अधिक संवयीवरून ठरतें.

आतां आमची स्वतःची गोष्ट. आमच्या एका बालमित्रानें आणि आम्हीं एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाण्याचा बेत तीस वर्षें उराशीं बाळगला होता. त्या वाटेवर लुक्ला येथील विमानतळ लागतो. १९६४ सालीं एडमंड हिलरी यांच्या पुढाकारानें, शेर्पांच्या मेहनतीवर तो तयार झाला. उंची सुमारें २,८५० मीटर. धावपट्टी अवघी ५२७ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. पट्टीचा चढ शेंकडा बारांच्या जवळपास. वरच्या टोंकाला डोंगर, खालच्या टोंकाला दरी. विमान चढावर उतरतें आणि उतारावरून उडतें. एकदां उतरण्याच्या बेतांत शिरल्यावर माघार घेण्यास वाव जवळजवळ उरत नाहीं.

हें सर्व वाचून आमची झोंप उडाली. निघण्यास पंधरा दिवस उरले असतां आम्हीं मित्राला कळविलें कीं, गुडघा दुखतो, डॉक्टर नको म्हणतात. गुडघा ठणठणीत होता. मित्र एकटाच गेला. पुढें दोन वर्षांनीं त्याच्या हृदयाचें दुखणें निघालें आणि उंचीवर जाणें त्याला कायमचें बंद झालें. तेव्हां आम्हीं त्याच्यापाशीं खरी गोष्ट कबूल केली. तो रागावला नाहीं. म्हणाला, "अरे, मीही घाबरलोंच होतों. तूं असतास, तर दोघे मिळून घाबरलों असतों."

या उत्तरानें आम्हांस जितकें लाजविलें, तितकें कोणत्याही दूषणानें लाजविलें नसतें. भ्यालों याची लाज त्यांत नव्हती. भय लपविण्यासाठीं मित्राशीं खोटें बोललों, आणि त्याला त्याचें भय एकट्यानें वाहावयास लाविलें, याची ती लाज होती.

कोणी म्हणेल, 'परंतु तुमचें भय अगदींच निराधार होतें काय?' नव्हतें. लहान खासगी विमानांच्या अपघातांचें प्रमाण मोठ्या प्रवासी विमानांहून पुष्कळ अधिक आहे. लुक्ला येथेंच ८ ऑक्टोबर २००८ रोजीं धुक्यांत उतरतांना एक विमान आदळून अठरा माणसें दगावलीं. 'कांहीं होत नाहीं हो' असें म्हणून भित्र्याची समजूत घालणारे लोक त्याचा अपमानच करतात. कधीं कधीं होतें, आणि तें त्याला ठाऊक असतें.

मग भयाचें ऐकावें कीं ऐकूं नये? याचें उत्तर वैमानिकांच्या शिक्षणांतच सांपडतें. माणसाच्या कानाच्या आंत तोल ओळखणारें इंद्रिय आहे. विमान ढगांत शिरलें आणि क्षितिज दिसेनासें झालें, म्हणजे हें इंद्रिय फसतें. विमान संथपणें एका अंगावर वळत असतां तें सरळ चाललें आहे असें वाटतें. सरळ केलें, तर उलट बाजूस कललें असें वाटतें. ही जाणीव लबाड नव्हे. ती अत्यंत प्रामाणिक असते आणि तरीही खोटी असते. म्हणून वैमानिकाला शिकविलें जातें कीं, अशा वेळीं देहाची ग्वाही मानूं नये, समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवावा. परंतु तोच वैमानिक दुपारीं वारा उठला, दरींत ढग भरले, म्हणजे लुक्ल्याची फेरी रद्द करतो, आणि दोन दोन दिवस खोळंबलेल्या उतारूंचे शिव्याशाप मुकाट्यानें सोसतो. तेथें त्याचें भय खरें बोलत असतें.

आमच्या मतें भयाला साक्षीदाराची जागा द्यावी. त्याची जबानी पुरी ऐकावी, उलटतपासणी करावी. निकाल मात्र विवेकानें द्यावा. विमान कोणतें, हवा कशी, जाण्याचें कारण किती मोलाचें, हे प्रश्न विचारून 'जाऊं नये' असें ठरलें, तर त्यांत भित्रेपणा नाहीं. जिरीहून लुक्ल्यास कित्येक दिवस चालत जाणाराही मनुष्य शूरच. दोष आहे तो साक्षीदारालाच न्यायासनावर बसविण्यांत, आणि मग निकालपत्रावर गुडघ्याची सही घेण्यांत.

हिलरी यांचें चरित्र या संदर्भांत आठवतें. ३१ मार्च १९७५ रोजीं त्यांची पत्नी लुईझ आणि धाकटी कन्या बेलिंडा काठमांडूहून फाफ्लू येथें त्यांच्याकडे यावयास निघाल्या. तेथें शेर्पांसाठीं रुग्णालयाचें काम चालू होतें. त्यांचें लहान विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत कोसळलें आणि दोघीही गेल्या. हिलरी खचले, परंतु तें रुग्णालय पुरें झालें, आणि २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं त्या दऱ्याखोऱ्यांतील काम सोडलें नाहीं. इतकी भयंकर साक्ष ज्याच्या मनांत कायमची नोंदली गेली, त्यानेंही निकाल आपल्याच हातीं ठेविला.

मित्राच्या त्या उत्तरानंतर पुढल्या वर्षीं आम्ही लुक्ल्यास गेलों. विमानांत परिचारिकेनें कानांत घालावयास कापूस आणि चघळावयास गोळी दिली. शेजारीं एक अपरिचित तरुण बसला होता. आम्हीं त्याला सांगून टाकिलें कीं, आम्हांला फार भीति वाटते. तो म्हणाला, "काका, बरं झालं बोललात," आणि आपले घामेजलेले तळहात त्यानें दाखविले. अर्धा तास आम्ही दोघे पुढच्या वैमानिकाचा वर गेलेला हात पाहात बसलों. भीति गेली नाहीं. येतांनाही ती बरोबर होती. परंतु तिच्यासाठीं या खेपेस खोटें बोलावें लागलें नाहीं. ज्याच्या शेजारीं बसून भ्यावयास हवें होतें, तो मात्र पुण्यास आपल्या घरीं, आमच्या पत्राची वाट पाहात होता.