वेतनमर्यादा आणि हमीचा भार

कॅनडा आणि अमेरिकेतील संघांची ‘नॅशनल हॉकी लीग’, अर्थात एनएचएल, ही बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीची जगातील सर्वांत श्रीमंत स्पर्धा असून तिच्या करारपद्धतीतील दोन तत्त्वे परस्परविरोधी असल्याचा समज रूढ आहे. पहिले तत्त्व हमीचे : एकदा करार झाला की खेळ खालावला, गुडघा निकामी झाला किंवा प्रशिक्षकाची मर्जी उतरली, तरी ठरलेले वेतन संघाला चुकते करावेच लागते. करार मुदतीपूर्वी संपवायचाच असेल तर ‘बायआउट’ करावा लागतो, म्हणजे उरलेल्या वेतनाचा दोन तृतीयांश भाग (खेळाडू 26 वर्षांहून लहान असल्यास एक तृतीयांश) उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात विभागून द्यावा लागतो. दुसरे तत्त्व वेतनमर्यादेचे, म्हणजे कोणत्याही संघाने एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च करावा याच्या कमाल आकड्याचे. हमी खेळाडूंच्या हिताची आणि मर्यादा मालकांच्या, असे सरळ मानले जाते. परंतु ही दोन तत्त्वे एकत्र आली की हमीचा खर्च अखेर कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हमी ही मालकांची कृपा नव्हे, हे आधी नोंदवले पाहिजे. 1957 साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसे या नामवंत खेळाडूने निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी सहकाऱ्यांची संघटना उभारू पाहिली, तेव्हा त्याची त्याच वर्षी शिकागोच्या संघात रवानगी करण्यात आली आणि ती संघटना मोडली. टिकाऊ संघटना उभी राहण्यास 1967 उजाडावे लागले, आणि तिचा पहिला प्रमुख ॲलन ईगलसन हाही पुढे खेळाडूंच्याच फसवणुकीबद्दल दोषी ठरला. ज्या व्यवसायात शरीर हेच भांडवल असते आणि एका धडकेने ते कायमचे संपू शकते, तिथे वेतनाची शाश्वती ही चैन नसून किमान न्याय आहे.

वेतनमर्यादा आली ती टाळेबंदीतून. 2004-05 चा संपूर्ण हंगाम रद्द झाला, मानाचा स्टॅन्ली चषक कोणालाच मिळाला नाही, आणि 2005 च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी 3 कोटी 90 लाख डॉलरची पहिली मर्यादा तर मान्य केलीच, शिवाय चालू करारांतील वेतनात 24 टक्के कपातही स्वीकारली. त्याहून दूरगामी बदल असा की लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा एकूण वाटा ठरवून टाकण्यात आला : आधी 54 ते 57 टक्के, आणि 2012-13 च्या टाळेबंदीनंतर निम्मा. प्रत्यक्ष वेतनांची बेरीज या वाट्याच्या वर गेली तर फरक मालकांना परत मिळावा, यासाठी प्रत्येक खेळाडूच्या वेतनातून काही टक्के रक्कम आधीच बाजूला ठेवली जाते; तिला ‘एस्क्रो’ म्हणतात.

सगळ्या प्रश्नाची मेख इथे आहे. एकूण वाटा बांधलेला असेल, तर एखाद्या चुकीच्या कराराची हमी मालक आपल्या निम्म्यातून पुरी करत नाही. ती रक्कम खेळाडूंच्या निम्म्यात मोजली जाते, एस्क्रोची कपात वाढवते आणि त्याच संघाच्या मर्यादेत जागा अडवून सहकाऱ्यांचे वेतनही आक्रसते. करारावर सही करताना चूक व्यवस्थापकाची होते आणि तिची भरपाई त्या वाटाघाटींशी संबंध नसलेले खेळाडू करतात.

मर्यादा मोजताना कराराची वार्षिक सरासरी धरली जात असल्याने संघांनी सुरुवातीला भरमसाट वेतन आणि शेवटी नाममात्र रकमेची अनेक वर्षे, असे करार रचले. 2010 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने 27 वर्षांच्या इल्या कोवालचुकशी 17 वर्षांचा, 10 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला, ज्यात अखेरच्या पाच वर्षांचे वेतन दरवर्षी साडेपाच लाखच होते. लीगने तो फेटाळला, लवादानेही लीगची बाजू उचलून धरली, आणि सुधारलेल्या 15 वर्षांच्या करारातून कोवालचुक 2013 मध्येच निवृत्त होऊन रशियाला परतला. त्याच वर्षी न्यूयॉर्क आयलंडर्सने रिक डिपिएट्रो या गोलरक्षकाचा 2006 चा 15 वर्षांचा करार बायआउटने संपवला. त्याला 2029 पर्यंत दरवर्षी 15 लाख डॉलर मिळत राहणार आहेत. टाळेबंदीनंतर दिलेल्या खास सवलतीमुळे ही रक्कम संघाच्या मर्यादेत धरली गेली नाही, पण खेळाडूंच्या सामूहिक वाट्यात मात्र धरली गेली. संघाची चूक माफ झाली आणि तिचा खर्च सर्व खेळाडूंच्या माथी आला. या व्यवस्थेतील अन्याय याहून स्पष्ट दिसणे कठीण आहे.

मर्यादेमुळे लहान शहरांतील संघ तग धरतात, हे म्हणणे खोटे नाही, आणि खेळाडूंच्या संघटनेने लीगबरोबरच्या सामूहिक करारावर सही केली आहे, हेही खरे. परंतु त्या संमतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कोविडकाळात उत्पन्न कोसळले, मर्यादा तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवर गोठली आणि नंतरही काही काळ जेमतेम सरकली. दीर्घ करार हाती असलेल्या नामवंतांच्या रकमा एस्क्रोच्या कपातीपलीकडे सुरक्षित राहिल्या. ज्यांचा करार नेमका त्याच वर्षांत संपला, अशा मधल्या फळीतील खेळाडूंना मात्र उरलेल्या जागेत बसतील असे तुटपुंजे, अनेकदा एकाच वर्षाचे करार पत्करावे लागले. ‘टू-वे’ करारावरील खेळाडूला तर दुय्यम लीगमध्ये पाठवताच वेतन घटते, म्हणजे हमीची खरी ऊब आधीच वर असलेल्यांनाच मिळते.

यावरचा उपाय हमी सैल करणे हा नव्हे. तसे केल्यास 1957 च्या दिशेनेच पावले पडतील. बायआउटची रक्कम आणि खालच्या लीगमध्ये पाठवलेल्या खेळाडूंचे वेतन हे व्यवस्थापनाच्या निर्णयाचे परिणाम असल्याने ते खेळाडूंच्या निम्म्याबाहेर, मालकांच्या हिश्शात धरले जावे, अशी मागणी संघटनेने करायला हवी. 2025 मध्ये ठरलेल्या नव्या सामूहिक करारात खेळाडूच्या कराराची कमाल मुदत संघाच्या स्वतःच्या खेळाडूसाठी आठवरून सात वर्षांवर आली, पण या हिशेबाचा पाया तसाच राहिला. मर्यादा 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाखांवर गेली असून पुढील हंगामांसाठी ती 10 कोटींच्या पलीकडे ठरली आहे. उत्पन्न वाढत असताना मालकांना हा खर्च पेलवेल आणि संघटनेची बाजूही भक्कम असेल, म्हणून ही मागणी मांडण्यासाठी पुढच्या मंदीची वाट पाहणे परवडणारे नाही.